रेंज फुल, नेट गुल: कॅम्पसचं वाय-फाय नवं केल्यावरही तास सुटला की नेट का अडतं?

जुने अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी, वाय-फायचा सिग्नल देणारे डबे) काढून वाय-फाय ६ किंवा ६ईचे नवे बसवले, त्या सगळ्यांना सांभाळणारा कंट्रोलर बदलला, केबल तपासून घेतली. सुटीत चाचणी झाली तेव्हा वेग बघून सगळे खूश. मग सत्र सुरू झालं आणि तक्रारी यायला लागल्या: तास सुटून पुढचा सुरू होताना फोनवर रेंज पूर्ण दिसते, पण काहीच उघडत नाही. पाच-दहा मिनिटांत आपोआप सुरळीत होतं. पुढच्या तासाला पुन्हा तेच. रात्री वसतिगृहात किंवा सुटीच्या दिवशी ग्रंथालयात त्याच फोनवर सगळं छान चालतं.

अशा वेळी पहिला हात रेडिओकडे जातो. पॉवर वाढवा, चॅनेल बदला, त्या मजल्यावर आणखी चार एपी लावा. माझं मत स्पष्ट आहे: तक्रार घड्याळाला बांधलेली असेल तर आधी रेडिओला हात लावू नका. हवेतल्या अडचणी बहुधा जागेला चिकटलेल्या असतात, अमुक खोली, अमुक कोपरा, अमुक जिना. वेळेवर हजेरी लावणारी अडचण म्हणजे आत कुठेतरी रांग लागते आहे. मोठ्या विद्यापीठात ही रांग प्रामुख्याने दोन ठिकाणी लागते, आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरणाला मिळणारा क्रमांक) वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपाशी आणि पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरपाशी. एपी बदलताना या दोघांकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं.

आधी पायरी ओळखा

फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हा एकामागून एक बऱ्याच गोष्टी घडतात. एपीशी रेडिओची जोडणी होते. मग ८०२.१एक्स (प्रत्येकाची वेगळी ओळख तपासणारी पद्धत) असेल तर नाव-पासवर्ड किंवा प्रमाणपत्र रेडियस सर्व्हरकडे जाऊन तपासलं जातं. मग फोन आणि एपी यांच्यात एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ठरतात. मग डीएचसीपीकडून पत्ता मिळतो. शेवटी डीएनएसला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) विचारून, फायरवॉल ओलांडून फोन बाहेर पोचतो. स्क्रीनवरची रेंज यातल्या फक्त पहिल्या पायरीबद्दल बोलते. बाकीच्या चारांपैकी कुठलीही अडली तरी विद्यार्थ्याच्या तोंडून वाक्य एकच येतं: वाय-फाय चालत नाही.

म्हणून हेल्पडेस्कने तेवढंच लिहून घेतलं तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही. खोली, मिनिटासकट वेळ आणि त्या क्षणी स्क्रीनवर काय होतं, एवढं विचारायलाच हवं. शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची. अँड्रॉइड फोन पत्ता मिळवतानाच अडकून राहतो आणि मग जोडणी सोडून देतो. विंडोज, मॅक आणि आयफोन मात्र पत्ता मिळाला नाही की १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतात. तो आकडा दिसला की समजा, गाडी डीएचसीपीपाशी अडली आहे. बरोबर पासवर्ड असूनही तो पुन्हा पुन्हा विचारला जात असेल, तर बहुतेक वेळा रेडियसकडून वेळेत उत्तर आलेलं नसतं. पत्ता नीट आहे, गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) पिंगला उत्तर देतो, तरी पानं उघडत नाहीत, तर पुढे डीएनएस किंवा नॅटकडे (अनेक खासगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे नेणारी सोय) वळायचं.

आणखी एक कसोटी विचारून घ्या: वाय-फाय बंद करून चालू केलं की लगेच चालतं, का कितीही बंद-चालू केलं तरी थोडा वेळ थांबावंच लागतं? लगेच चालत असेल तर फोन जुना पत्ता घेऊन नव्या इमारतीत फिरतो आहे, असा संशय घ्या. दोन इमारतींत नेटवर्कचं नाव एकच असतं, पण सबनेट (पत्त्यांचे गट) वेगळे आणि दोन्हींचे कंट्रोलर एकमेकांशी बोलत नाहीत. फोनच्या दृष्टीने नेटवर्क तेच, म्हणून तो जुनाच पत्ता कवटाळून बसतो आणि त्या पत्त्याला तिथे कुणी ओळखत नाही. याचा इलाज कंट्रोलरमध्ये आहे. एका सबनेटमधून दुसऱ्यात गेलेल्या फोनचा ट्रॅफिक मूळ सबनेटकडे वळवण्याची सोय चालू करा, किंवा लोक ज्या इमारतींमध्ये सतत ये-जा करतात त्या एकाच कंट्रोलरखाली घ्या.

थांबावंच लागत असेल तर पुढे वाचा.

लॉग बघताना दोन गोष्टींनी घोळ होतो. पहिली, उपकरणाची नेटवर्कवरची ओळख म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. फोनच्या 'अबाउट' पानावर दिसतो तो मूळ हार्डवेअरचा मॅक. अलीकडचे फोन वाय-फायवर तो वापरतच नाहीत. वाय-फायच्या यादीत त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन तिथे दिसणारा मॅक मागा, नाहीतर लॉगमध्ये अस्तित्वात नसलेलं उपकरण शोधत बसाल. दुसरी, घड्याळं. कंट्रोलर, रेडियस आणि डीएचसीपी या तिघांनी एकाच एनटीपी सर्व्हरवरून वेळ घ्यावी. एकाचा लॉग यूटीसीत आणि दुसऱ्याचा स्थानिक वेळेत असेल, तर ठरावीक मिनिटाला घडणारी गोष्ट तुम्हाला कधीच जुळवता येणार नाही.

पत्ते संपतात तेव्हा

समजा, तासिकांच्या एका मोठ्या इमारतीसाठी /२१ चा सबनेट आहे (तिरप्या रेघेनंतरचा आकडा लहान तितका सबनेट मोठा). त्यात वापरता येणारे पत्ते २०४६. कंट्रोलर दाखवतो की या क्षणी ९०० उपकरणं जोडलेली आहेत. डीएचसीपी सर्व्हर म्हणतो, पूल भरला, म्हणजे वाटायला एकही पत्ता उरला नाही. दोघंही खरंच सांगतात. कंट्रोलर आत्ता हजर असलेल्यांना मोजतो, डीएचसीपी येऊन गेलेल्या प्रत्येकाला मोजतो आणि लीज (पत्ता वापरायची मुदत) संपेपर्यंत त्याचा पत्ता राखून ठेवतो. विंडोज सर्व्हरवर लीजची मूळ मुदत ८ दिवस असते. म्हणजे सोमवारी एका तासापुरता आलेला फोन पुढच्या मंगळवारपर्यंत पत्ता अडवून बसतो. पूर्वी, माणशी एकच लॅपटॉप असताना, हे खपून जायचं.

आता माणशी फोन आणि लॅपटॉप आहेतच, शिवाय घड्याळ आणि टॅब्लेट. त्याहून मोठा बदल मॅकचा. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनावट मॅक वापरतात. एका नेटवर्कवर तो सहसा टिकतो, त्यामुळे रोजच्या वापरात फारसा फरक पडत नाही. गंमत होते ती नेटवर्क बदलताना. नवं वाय-फाय लावताना जुनं आणि नवं एसएसआयडी (वाय-फायचं यादीत दिसणारं नाव) काही आठवडे शेजारी शेजारी चालवतात. नाव वेगळं म्हणजे मॅक वेगळा, मॅक वेगळा म्हणजे डीएचसीपीच्या लेखी उपकरण वेगळं. दोन्ही एसएसआयडी एकाच पूलवर सोडले असतील तर एकच फोन दोन पत्ते खातो. त्यातही नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडून पाहणारे विद्यार्थी असतातच, आणि काही फोन तेवढ्यावर आणखी एक नवा मॅक काढतात.

पाहुण्यांच्या उघड्या नेटवर्कचं तर विचारूच नका. आयओएस १८ पासून अशा असुरक्षित नेटवर्कवर आयफोनचा मॅक साधारण दर दोन आठवड्यांनी स्वतःच बदलतो. तिथे लांब लीज म्हणजे गेलेल्या माणसांसाठी खुर्च्या राखून ठेवणं.

हे निदान पक्कं करायला फार खटपट लागत नाही. आयएससी या संस्थेचा जुना डीएचसीपी सर्व्हर असेल तर लॉगमध्ये 'नो फ्री लीजेस' (मोकळा पत्ता नाही) शोधा. बिघडलेल्या मिनिटात एका फोनच्या ओळी वाचल्या तर चित्र असं दिसतं: डिस्कव्हर, काही सेकंदांनी पुन्हा डिस्कव्हर, आणखी काही सेकंदांनी पुन्हा डिस्कव्हर, आणि मध्ये एकही ऑफर नाही. फोनकडून हाक जाते आहे, पलीकडून ओ येत नाही. मग काही मिनिटांनी अचानक ऑफर येते आणि पुढचं सगळं झटक्यात होतं. मधल्या वेळात एखादी जुनी लीज संपलेली असते, किंवा पत्त्याच्या रांगेतले चार जण वैतागून मोबाइल डेटावर गेलेले असतात. 'आपोआप सुरळीत झालं' म्हणतात ते हेच.

ऑफर येते आहे पण तीन-चार सेकंदांनी, असं असेल तर पूलमध्ये मोकळे पत्ते आहेत, पण सर्व्हर दमला आहे. आयएससी डीएचसीपी प्रत्येक लीज डिस्कवर पक्की लिहिल्याशिवाय पत्ता मान्य करत नाही. संथ डिस्कवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तो तास बदलताना घुसमटतो. पत्ता देण्याआधी तो पिंग करून कुणी वापरत तर नाही ना, हे पाहण्याची सोयही असते, आणि त्यात प्रत्येक नव्या पत्त्यामागे सेकंदभर जातो. वायरलेसच्या पूलवर ती बंद ठेवलेली बरी. तसंही या सॉफ्टवेअरची देखभाल २०२२ मध्ये थांबली आहे आणि त्याच संस्थेने त्याजागी केआ आणलं आहे. एवढा खर्च करून एपी बदलता आहात तर हेही त्याच कामात उरकून घ्या.

दोन डीएचसीपी सर्व्हर फेलओव्हरमध्ये (एक पडला तर दुसरा काम चालवेल अशा जोडीत) असतील तर एक फसवा प्रकार तपासा. आयएससीच्या फेलओव्हरमध्ये मोकळे पत्ते दोघांत वाटलेले असतात. त्यांचा आपसांतला संपर्क तुटला की प्रत्येक जण नवे पत्ते फक्त आपल्या वाट्यातले देतो. एकूण आलेखात पूल अर्धा रिकामा दिसतो आणि तरी 'नो फ्री लीजेस' येतं. फायरवॉल नवा लावताना या दोन सर्व्हरमधला पोर्ट बंद झाला, की नेमकं हेच होतं.

उपाय तसे सरळ आहेत. लीज कमी करा. तासिकांच्या इमारतीत २ ते ४ तास, वसतिगृहात अर्धा ते एक दिवस आणि पाहुण्यांसाठी १ तास, एवढं मला पुरेसं वाटतं. लीज कमी केली की सर्व्हरवर भार येईल, ही भीती बहुतेक वेळा फुगवलेली असते. उपकरण लीजची निम्मी मुदत उलटल्यावर नूतनीकरण मागतं. २०,००० उपकरणं आणि १ तासाची लीज धरली तरी सेकंदाला सरासरी ११ विनंत्या होतात. साधा सर्व्हरही हे हसत झेलतो.

आणि पूल मोठा करा. १० ने सुरू होणाऱ्या खासगी पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते आहेत, तिथे कंजुषी करण्याचं काहीच कारण नाही. फक्त घाईघाईने एकच अवाढव्य /१६ चा व्हीएलएएन (नेटवर्कचा आतला वेगळा कप्पा) करू नका. एआरपी, एमडीएनएस आणि इतर ब्रॉडकास्ट-मल्टिकास्ट (एकदम अनेकांना उद्देशून मारलेल्या हाका) हवेत सर्वांत संथ वेगाने पाठवले जातात, आणि हजारो फोनांची ही कलकल प्रत्येक एपीला ऐकवावी लागते. /२१ किंवा /२२ चे अनेक व्हीएलएएन करून कंट्रोलरला त्यात उपकरणं वाटू द्या. वाटप समान होतंय का, यावर मात्र लक्ष ठेवा. मॅकवरून हिशेब करून वाटणारे कंट्रोलर कधीकधी एक व्हीएलएएन काठोकाठ भरतात आणि दुसरा निम्मा रिकामा ठेवतात. मग तक्रार 'काही जणांचंच' नेट चालत नाही अशी येते, आणि एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाचं चालतं, एकाचं नाही.

रेडियसची रांग

पत्ते भरपूर आहेत आणि तरीही तास सुटल्यावर पासवर्ड विचारला जातोय, तर इकडे वळा. शेकडो लोक एका इमारतीतून दुसरीत जातात. फोन जुन्या एपीकडून नव्याकडे जाताना आधीची किल्ली चालली तर काम काही मिलिसेकंदांत होतं. ८०२.११आर आणि किल्ली साठवून ठेवण्याच्या इतर पद्धती याचसाठी आहेत. ती चालली नाही तर पहिल्यापासून पूर्ण तपासणी होते, आणि पीईएपीमध्ये (नाव-पासवर्डने लॉगिन करायची पद्धत) त्यासाठी रेडियसशी दहाएक वेळा ये-जा होते.

आता अपग्रेडशी थेट संबंध असलेली मेख. रेडियसच्या पॅकेटमध्ये विनंतीचा क्रमांक लिहायला फक्त एक बाइट आहे. म्हणजे एका सोर्स पोर्टवरून (विनंती ज्या क्रमांकाच्या दारातून निघते ते) एका वेळी उत्तराच्या प्रतीक्षेत असलेल्या विनंत्या जास्तीत जास्त २५६. पूर्वी कॅम्पसवर आठ-दहा छोटे कंट्रोलर होते, प्रत्येकाचे आपापले २५६. नवीन मांडणीत एकच दणकट कंट्रोलर आला आणि तो एकाच सोर्स पोर्टवरून बोलत असेल, तर सगळ्या विद्यापीठासाठी मिळून २५६. रेडियस २० मिलिसेकंदांत उत्तर देत असेल तर यातूनही सेकंदाला १२,८०० पॅकेट जातात, म्हणजे बाराशेहून जास्त लॉगिन. भरपूर झाले. पण डिरेक्टरी सर्व्हर (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड ठेवणारा) दमला आणि सरासरी उत्तर १ सेकंदावर गेलं, की तोच आकडा सेकंदाला पंचवीसेक लॉगिनवर येतो. तास बदलताना ३,००० फोन दारात उभे असतील तर नुसती रांग ओसरायला दोन मिनिटं, तीही कुणी दुसऱ्यांदा हाक मारली नाही तर.

आणि दुसऱ्यांदा हाक मारली जातेच. कंट्रोलर काही सेकंद वाट पाहून तीच विनंती पुन्हा पाठवतो, मग सर्व्हर मेला असं समजून सगळा भार दुसऱ्या सर्व्हरवर लोटतो. तोही त्याच डिरेक्टरीला विचारत असतो, त्यामुळे तोही बसतो. मग कंट्रोलर पुन्हा पहिल्याकडे. लॉगमध्ये 'सर्व्हर डेड', 'सर्व्हर अलाइव्ह' अशा नोंदींची माळ तासाच्या ठोक्याला दिसली तर हेच चाललंय. टाइमआउट कमी केला की काम जलद होईल असं वाटतं, पण दमलेल्या सर्व्हरसमोर टाइमआउट कमी करणं म्हणजे त्याच्यावर विनंत्यांचा भार दुप्पट करणं. मी तो ५ सेकंदांच्या खाली आणत नाही.

खरा उपाय मागच्या बाजूला. पीईएपीमध्ये पासवर्ड डिरेक्टरीकडून तपासून घ्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तेच सगळ्यांत संथ पाऊल असतं. रेडियसच्या लॉगमध्ये प्रत्येक विनंतीला लागलेला वेळ नोंदवायला सुरुवात करा. सरासरीकडे पाहू नका, सर्वांत संथ ५ टक्के काय सांगतात ते पाहा. डिरेक्टरीचा सर्व्हर रेडियसच्या शेजारी आणा, त्यांची संख्या वाढवा, कंट्रोलरला अनेक सोर्स पोर्ट वापरायची परवानगी द्या. दीर्घकाळाचा विचार असेल तर ईएपी-टीएलएसवर (पासवर्डऐवजी प्रमाणपत्राने लॉगिन) जा. प्रमाणपत्राची तपासणी रेडियस स्वतःच करू शकतो, प्रत्येक वेळी डिरेक्टरीकडे पासवर्ड घेऊन पळावं लागत नाही. शिवाय पासवर्ड बदलल्यावर विद्यार्थ्याच्या जुन्या टॅब्लेटने दिवसभर चुकीचा पासवर्ड पाठवत राहून खातं लॉक करणं, हा त्रासही संपतो.

रेडियसच्या पुढे लोड बॅलन्सर (अनेक सर्व्हरमध्ये भार वाटणारा) ठेवला असेल तर तो एका फोनचं पूर्ण संभाषण एकाच सर्व्हरकडे पाठवतोय याची खात्री करा. पॅकेटागणिक वाटप झालं तर अर्धं संभाषण एकाकडे, अर्धं दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही संदर्भ लागत नाही. कमी भारावर हे चाचणीत सापडत नाही, म्हणून लबाड आहे. ईएपी-टीएलएस एका इमारतीत चालतं आणि दूरच्या केंद्रात चालत नाही, असं झालं तर प्रमाणपत्राची मोठी पॅकेट वाटेत तुकडे होऊन फायरवॉलपाशी गळतायत का ते बघा.

मग हवेचं काय?

हवेतल्या अडचणी नसतातच असं नाही. फक्त त्यांची चाल वेगळी. चॅनेल गच्च भरला असेल तर तास सुरू असतानाही, पूर्ण तासभर, सगळ्यांनाच संथ वाटतं. एका एपीवरचे सगळे एकदम तुटले, वेळेला काही धरबंध नाही, आणि एपी ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ मधल्या, रडारसोबत वाटून घ्याव्या लागणाऱ्या चॅनेलवर होता, तर रडारची चाहूल लागून त्याने चॅनेल सोडलं असण्याची शक्यता आहे. नियमाने तो चॅनेल पुढची ३० मिनिटं वापरता येत नाही, आणि रडारच्या दुसऱ्या एखाद्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. कंट्रोलरच्या नोंदीत रडार असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

नव्या एपीला ८० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल देण्याचा मोह टाळा. वेगाच्या चाचणीत आकडा छान दिसतो, पण चॅनेलची संख्या घटते आणि शेजारचे एपी एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात. दाट वस्तीच्या इमारतीत ५ गिगाहर्ट्झवर २० किंवा फार तर ४०. पॉवर वाढवण्याने तर उलटच होतं. एपीचा आवाज फोनपर्यंत पोचतो, फोनचा एपीपर्यंत पोचत नाही, आणि फोन दूरच्या एपीला चिकटून राहतो. कुठल्या एपीवर जायचं हे शेवटी फोनच ठरवतो. आयफोन साधारण उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली गेल्यावरच दुसरा शोधायला लागतो.

आणि एसएसआयडी कमी करा, हे मी ओरडून सांगेन. विद्यार्थी, कर्मचारी, पाहुणे, परिषद, प्रयोगशाळा, एज्युरोम (विद्यापीठांचं सामाईक वाय-फाय), असं करत सहा होतात. प्रत्येक एपी प्रत्येक एसएसआयडीसाठी दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन ('मी इथे आहे' अशी हाक) पाठवतो, तोही सर्वांत कमी चालू वेगाने. २.४ गिगाहर्ट्झवर १ एमबीपीएस चालू ठेवला असेल तर ३०० बाइटचा एक बीकन अडीच मिलिसेकंदांहून जास्त हवा अडवतो. एकाच चॅनेलवर तीन एपी ऐकू येत असतील तर सहा गुणिले तीन, अठरा बीकन, म्हणजे जवळपास ४५ टक्के वेळ कुणीही काहीही डाउनलोड न करता संपला. किमान वेग १२ एमबीपीएस केला तर हेच ४-५ टक्क्यांवर येतं. एज्युरोमवरूनच गटानुसार व्हीएलएएन देता येतात, त्यासाठी वेगळी नावं लागत नाहीत.

एपी परत परत सुरू होत असेल तर

कंट्रोलरमध्ये एपी चालू आहे का एवढंच न पाहता तो किती वेळ चालू आहे ते पाहा. एपीला केबलमधूनच वीज देणाऱ्या जुन्या स्विचचा पोर्ट ८०२.३एएफचा, म्हणजे १५.४ वॉटचा असतो, आणि नव्या एपीला बहुधा ३० वॉटचा ८०२.३एटी लागतो. कमी वीज मिळाली तर काही एपी मुकाट्याने एखादा रेडिओ किंवा काही अँटेना बंद ठेवून चालतात. यादीत हिरवा दिवा, प्रत्यक्षात निम्मं काम. स्विचचं एकूण वीज-बजेटही मोजा. ४८ पोर्ट गुणिले ३० वॉट म्हणजे १४४० वॉट, आणि वीजपुरवठा ७४० वॉटचा असेल तर भार वाढल्यावर शेवटचे पोर्ट बळी जाणार.

बाहेरच्या दारापाशी

पत्ता आहे, लॉगिन झालं, चालू व्हिडिओ कॉल टिकून आहे, पण नवं पान उघडत नाही: हे नॅटचं लक्षण. एका सार्वजनिक पत्त्यामागे सुमारे ६४,००० पोर्ट असतात. ५,००० फोन एकाच पत्त्यामागे लपवले आणि ते सगळे एकाच लोकप्रिय सेवेकडे धावले तर माणशी जेमतेम १३ येतात, आणि एक फोन उठता-बसता त्याहून कितीतरी जास्त जोडण्या उघडतो. सार्वजनिक पत्ते वाढवा आणि आयपीव्ही६ (मुबलक पत्ते देणारी आयपीची नवी पद्धत) चालू करा. डीएनएस सर्व्हर एकच असेल तर तोही तास बदलताना गुदमरतो, दुसरा ठेवा. आणखी एक बारकावा: फोन जोडल्यावर एक ठरावीक पत्ता उघडून नेट आहे का ते तपासतात. फायरवॉलने तो अडवला तर नेट असूनही फोन 'इंटरनेट नाही' म्हणतो आणि मोबाइल डेटावर उडी मारतो.

बदल केल्यावर पडताळणी

सगळे बदल एका रात्रीत करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. रेडियसवर भार टाकून पाहायला ईएपीओएल टेस्ट आणि डीएचसीपीसाठी केआसोबत येणारं परफडीएचसीपी ही दोन मोफत साधनं पुरतात. सुटीच्या दिवशी चालवा. कायमच्या पहाऱ्यासाठी एखाद्या गर्दीच्या हॉलमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवा आणि दर मिनिटाला वाय-फाय सोडून पुन्हा जोडायला लावा. लॉगिनला किती वेळ, पत्त्याला किती, डीएनएसला किती, पहिल्या पानाला किती, हे वेगवेगळं नोंदवा. तास सुटताना यातली नेमकी कुठली रेषा वर जाते ते आलेखात उघड दिसतं, आणि बैठकीत 'एपीच खराब आहेत' म्हणणाऱ्याला दाखवायला पुरावाही मिळतो.

लीज कमी केली असेल तर निकालाची घाई करू नका. ८ दिवसांची लीज आधीच घेतलेला फोन नवीन मुदत पुढच्या नूतनीकरणाला घेतो, म्हणजे चौथ्या दिवशी, तोही तेव्हा कॅम्पसवर असला तर. आणि जे निघून गेले त्यांचे पत्ते पूर्ण ८ दिवस सुटत नाहीत. म्हणून नवं एसएसआयडी सोडायची तारीख ठरली, की लीज त्याच्या दहा दिवस आधीच कमी करून ठेवा आणि जुन्या-नव्याला वेगळे पूल द्या.